विनियोग आणि गीत : कॅथलिक उपासनासंगीतातील ‘जुने’ व ‘नवे’ यांचा पुनर्विचार

१. प्रश्नाची मांडणी

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेचे उपासनाविषयक संविधान ४ डिसेंबर १९६३ रोजी जाहीर झाले. लॅटिनचे स्थान राखूनही लोकभाषांना उपासनेत वाव देणारा हा दस्तऐवज होता. त्यानंतरच्या दहा वर्षांत जगभरच्या कॅथलिक चर्चमधील गाण्याचे रूप पालटले. ग्रेगोरियन गान, लॅटिन स्तोत्रे आणि ऑर्गनच्या साथीने म्हटली जाणारी जुनी भक्तिगीते मागे सरली. त्यांच्या जागी लोकभाषांतील नवी गीते आली; कोठे गिटार, कोठे ढोल, कोठे तबला-पेटी आली. तेव्हापासून सुरू झालेला वाद अद्याप शमलेला नाही. एका पक्षाच्या मते नव्या गीतांनी उपासनेचे गांभीर्य आणि आशयाची घनता घालवली. दुसऱ्या पक्षाच्या मते जुन्या गानाने समुदायाला शतकानुशतके मूक श्रोता करून ठेवले होते आणि नव्या गीतांनी त्याला कंठ दिला.

या वादात ‘परंपरा’ आणि ‘आधुनिकता’ हे शब्द कालवाचक म्हणून वापरले जातात. जे १९६३ पूर्वीचे ते पारंपरिक, जे नंतरचे ते आधुनिक, अशी ही ढोबळ विभागणी आहे. साहित्याच्या इतिहासाच्या दृष्टीने ती टिकणारी नाही. ज्यांना सरसकट ‘जुनी’ म्हटले जाते त्या रचनांत चौथ्या शतकातील स्तोत्र, तेराव्या शतकातील सिक्वेन्स आणि एकोणिसाव्या शतकातील भावगीत हे सारे एकत्र कोंबलेले असते. ज्यांना ‘नवी’ म्हटले जाते त्यांतील काहींचा रचनाबंध जुन्यांहूनही प्राचीन असतो. म्हणून कालापेक्षा वेगळा निकष शोधणे आवश्यक ठरते. गीत विधीत नेमके कोठे आहे, ते स्वतः विधी आहे की विधीच्या सोबतीला आलेले आहे, हा तो निकष होय. तो लावला की वादाची रेषा वेगळ्याच ठिकाणी पडते. मराठीच्या संदर्भात तर ती विशेष लक्षणीय वळण घेते.

२. विनियोगाची संकल्पना

भारतीय अभ्यासकाला हा भेद समजून घेण्यासाठी दूर जावे लागत नाही. पूर्वमीमांसेने मंत्राचा विचार त्याच्या विनियोगाच्या अंगाने केला. मंत्राचा शब्दार्थ काय यापेक्षा तो कोणत्या कर्माचे अंग आहे, हा तेथे प्रधान प्रश्न असतो. विनियोग ठरवणाऱ्या सहा प्रमाणांत श्रुती, लिंग, वाक्य आणि प्रकरण यांच्या पाठोपाठ ‘स्थान’ येते. मंत्र कर्माबाहेर काढला तर त्याचे काव्य उरेल, मंत्रत्व उरणार नाही. वारकरी भजनातही हे तत्त्व सैलपणे का होईना नांदते. रूपाचे अभंग प्रारंभी येतात, पुढची मालिका क्रमाने येते. एखादा अभंग मैफिलीत गायला गेला तर त्याचे शब्द तेच राहतात. मात्र त्याचे काम बदलते.

रोमन मिस्सेच्या गानाची जुनी रचना या दृष्टीने पाहता येते. तिच्यात गानाचे दोन वर्ग आहेत. पहिला वर्ग स्थिर पाठांचा : किरिये, ग्लोरिया, क्रेदो, सांक्तुस आणि आग्नुस देई. दुसरा वर्ग दिवसागणिक बदलणाऱ्या पाठांचा : प्रवेशाच्या वेळचे इंट्रॉइट, वाचनानंतरचे ग्रॅज्युअल, शुभवर्तमानापूर्वीचे आलेलुया, अर्पणगान आणि परमप्रसादाच्या वेळचे गान. या दुसऱ्या वर्गातील बहुतेक पाठ बायबलमधून, त्यातही प्रामुख्याने स्तोत्रसंहितेतून घेतलेले असतात. ते विशिष्ट दिवसाला बांधलेले असतात. हे बंधन किती घट्ट होते याची साक्ष नावांतच आहे. आगमनकाळातील तिसऱ्या रविवाराला ‘गौदेते’, उपवासकाळातील चौथ्या रविवाराला ‘लेतारे’ आणि मृतांसाठीच्या मिस्सेला ‘रेक्विएम’ ही नावे मिळाली ती त्या त्या इंट्रॉइटच्या पहिल्या शब्दावरून. येथे गीत दिवसाचे अलंकरण करत नव्हते. दिवस गीताच्या नावाने ओळखला जात होता.

आता या रचनेत ‘स्तोत्र’, म्हणजे कडव्याकडव्यांनी चालणारी स्वतंत्र छंदोबद्ध रचना, कोठे बसते? मिस्सेच्या या बदलत्या गानांत तिला जवळजवळ जागाच नाही. स्तोत्रांचे घर होते ते प्रहरांच्या प्रार्थनेत. मिलानचे बिशप अँब्रोज यांनी चौथ्या शतकात आठ अक्षरांच्या चरणांची, चार चरणांच्या कडव्यांची लॅटिन रचना रूढ केली. ३८६ च्या सुमारास सम्राज्ञीच्या एरियन पक्षाशी चाललेल्या संघर्षात लोक चर्चमध्ये ठाण मांडून बसले असता पौर्वात्य रीतीने गाण्याची प्रथा तेथे सुरू झाली, असे ऑगस्टीनने ‘कन्फेशन्स’मध्ये नोंदवले आहे. मठांच्या प्रार्थनेत ही स्तोत्रे लवकर स्थिरावली. रोम शहराच्या स्वतःच्या प्रार्थनाक्रमात मात्र त्यांना प्रवेश मिळायला साधारण बारावे शतक उजाडावे लागले. बायबलबाहेरच्या मानवरचित काव्याविषयी रोमला वाटणारा संकोच हे त्याचे एक कारण होते.

मध्ययुगात आलेलुयाच्या पाठोपाठ गायल्या जाणाऱ्या सिक्वेन्स या प्रकारातून मानवरचित काव्य मिस्सेत शिरले आणि त्याचा पूर आला. ट्रेंटच्या महासभेनंतर १५७० मध्ये निघालेल्या मिस्साग्रंथाने त्यातील फक्त चार रचना ठेवल्या. पाचवी, ‘स्ताबात मातेर’, १७२७ मध्ये परत आली. म्हणजे ‘परंपरावादी’ समजल्या जाणाऱ्या सोळाव्या शतकाने मिस्सेतून स्तोत्रकाव्य बव्हंशी बाहेर काढले. आज जुन्या आणि नव्या स्तोत्रांपैकी मिस्सेत कोणती गावीत असा वाद घालणारे दोन्ही पक्ष हे सहसा लक्षात घेत नाहीत. ज्या परंपरेची शपथ घेतली जाते तिने या दोहोंनाही दाराबाहेर उभे केले असते.

३. परंपरेची घडण

परंपरा जशीच्या तशी पोचत नाही. ती प्रत्येक काळात संपादित होते. पोप आठवे अर्बन यांनी १६३२ मध्ये प्रहरप्रार्थनेतील लॅटिन स्तोत्रे अभिजात छंदांच्या नियमांनुसार सुधारून घेतली. स्वराघातावर उभी असलेली मध्ययुगीन लय मानवतावादी पंडितांना अशुद्ध वाटत होती. शेकडो ठिकाणी शब्द बदलले गेले. ‘लॅटिन आली आणि भक्ती गेली’ अशा अर्थाची कोटी त्यावर प्रचलित झाली. बेनेडिक्टाइन आणि डोमिनिकन यांसारख्या जुन्या संघांनी मूळ पाठच चालू ठेवले. म्हणजे तीनशे वर्षे दोन ‘परंपरा’ शेजारी शेजारी नांदत होत्या.

गानाचेही तेच. सतराव्या शतकाच्या प्रारंभी, १६१४–१५ मध्ये, रोममध्ये मेदिची छापखान्यातून निघालेल्या ग्रॅज्युअलमध्ये जुन्या स्वरावलींची लांबण छाटलेली होती. मुळाकडे जाण्याची चळवळ एकोणिसाव्या शतकातील. प्रॉस्पेर गेरांजे यांनी १८३३ मध्ये फ्रान्समधील सोलेम येथील मठ पुन्हा उभा केला. तेथील संन्याशांनी हस्तलिखितांची तुलना करून ग्रेगोरियन गानाचे पुनर्रचन केले. १८८९ पासून त्या हस्तलिखितांच्या प्रतिमा ग्रंथमालेच्या रूपाने प्रसिद्ध होऊ लागल्या. पोप दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ च्या आज्ञापत्राने या गानाला आदर्श ठरवले आणि १९०८ मध्ये व्हॅटिकनचे अधिकृत ग्रॅज्युअल निघाले. आज जे गान कालातीत वाटते त्याचा कानांना परिचित झालेला अवतार अशा रीतीने पाठचिकित्सेतून जन्मला आहे.

मराठी वाचकाला येथे ‘ज्ञानेश्वरी’ आठवल्यावाचून राहणार नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ मध्ये, ‘ज्ञानेश्वरी’ची प्रत शुद्ध केली आणि ती सांप्रदायिक परंपरेचा पाठ झाली. त्यामागे जाऊन अधिक जुना पाठ म्हणून वि. का. राजवाडे यांनी आपली प्रत १९०९ मध्ये प्रसिद्ध केली. पारायणात रूढ असलेला पाठ खरा की संशोधकाने शोधलेला पाठ खरा, हा प्रश्न दोन्हीकडे जवळपास एकाच दशकात उभा राहिला. पुढचा प्रवास मात्र वेगळा झाला. रोमने संशोधकांचा पाठ उपासनेत लागू केला. वारकऱ्यांनी संशोधकाची प्रत ग्रंथालयात ठेवून आपला पाठ फडावर चालू ठेवला. परंपरेचा निर्णय काळाने होत नाही; अधिकार कोणाकडे आहे यावर तो ठरतो, एवढे या तुलनेतून स्पष्ट होते.

लोकप्रिय भक्तिगीतांविषयीही असेच म्हणावे लागते. नाताळचे सर्वांत ‘पारंपरिक’ गीत म्हणून ओळखले जाणारे ‘श्टिले नाख्ट’ हे गीत योझेफ मोर या धर्मगुरूने लिहिले, फ्रान्त्स ग्रूबर यांनी स्वरबद्ध केले आणि ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्ये २४ डिसेंबर १८१८ रोजी ते प्रथम गायले गेले, ते गिटारच्या साथीने. ते जर्मन भाषेत होते आणि मिस्सेच्या विहित लॅटिन पाठाबाहेरचे होते. लोकभाषा, गिटार आणि विधीबाहेरचे स्थान ही आधुनिक गीतावरील आक्षेपांची तिन्ही कलमे या गीताला लागू पडतात. तरीही कोणी त्याला आधुनिक म्हणत नाही. दीर्घ वापराने विधीसोबतचे गीतही परंपरेचा दर्जा मिळवते, हे त्यावरून दिसते.

४. सादृश्याकडून संलग्नतेकडे

१९०३ चे आज्ञापत्र आणि १९६३ चे संविधान शेजारी ठेवून वाचले तर निकषातील एक मूलभूत बदल दिसतो. रचना चलन, प्रेरणा आणि रस यांबाबतीत ग्रेगोरियन गानाच्या जितकी जवळ तितकी ती पवित्र, हा पायस यांचा दंडक. तो सादृश्याचा निकष आहे. महासभेच्या संविधानाने, त्याच्या ११२ व्या कलमात, संगीत उपासनाकृतीशी जितके निकट जोडलेले तितके ते पवित्र, असे म्हटले. हा संलग्नतेचा, म्हणजे मीमांसेच्या भाषेत विनियोगाचा, निकष आहे. ग्रेगोरियन गानाला अग्रस्थान ११६ व्या कलमाने कायम ठेवले आहे, पण ‘इतर बाबी समान असता’ या अटीने. ११९ व्या कलमाने मिशन-प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरांना योग्य महत्त्व देण्यास सांगितले. १२१ व्या कलमाने गीतांचे शब्द मुख्यतः पवित्र ग्रंथ आणि उपासनेचे स्रोत यांतून घ्यावेत, असे सुचवले.

प्रत्यक्षात जे घडले ते या निकषाच्या बरोबर उलट होते, असे म्हणावे लागते. नव्या मिस्साविधीच्या नियमांत प्रवेशगानासाठी ग्रॅज्युअलमधील विहित पाठाला पर्याय म्हणून ‘दुसरे योग्य गीत’ गाण्याची मुभा ठेवली गेली. शेवटचा म्हणून दिलेला हा पर्याय बहुतेक ठिकाणी एकमेव झाला. त्याचे मूळ महासभेपूर्वीच्या सवयीत आहे. जर्मन प्रदेशांत धर्मगुरू लॅटिन मिस्सा हळू आवाजात म्हणत असता लोक जर्मन गीते गात असत. शूबर्टची १८२७ ची ‘डॉइचे मेसे’ ही अशा वापरासाठीचीच रचना. १९५८ च्या रोमन निर्देशपत्राने संगीतयुक्त मिस्सेत लॅटिनच कायम ठेवून वाचनमिस्सेत लोकभाषेतील गीतांना जागा दिली होती. अशा रीतीने प्रारंभी, अर्पणाला, परमप्रसादाला आणि शेवटी एकेक गीत हा वाचनमिस्सेतील सोबतीच्या गीतांचा साचा नव्या मिस्सेचा मुख्य साचा झाला. जुन्या पद्धतीतील दुय्यम प्रथा नव्या पद्धतीत प्रमुख झाली. नव्या गीतसंस्कृतीची सर्वांत ‘आधुनिक’ वाटणारी बाब वस्तुतः जुन्या मिस्सेचाच वारसा आहे.

यात गमावले काय, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. दिवसाचा स्वतःचा पाठ गमावला. कोणत्याही रविवारी चालणारे गीत कोणत्याच रविवारचे नसते. ‘दिएस इरे’ या मृत्युविषयक महान सिक्वेन्सची गोष्ट बोलकी आहे. नव्या व्यवस्थेत ती मृतांच्या मिस्सेतून वगळली गेली आणि उपासनावर्षाच्या शेवटच्या आठवड्यातील प्रहरप्रार्थनेत, तुकडे करून, स्तोत्र म्हणून ठेवली गेली. शब्द तेच राहिले, पण प्रेतासमोर म्हटली जाणारी कविता पंचांगातील कविता झाली.

५. बोलणारा कोण?

आधुनिक गीतांवरील वाङ्मयीन टीकेचा रोख अनेकदा त्यांतील ‘मी’ आणि ‘आम्ही’ यांवर असतो. १९७० नंतर अमेरिकेत ‘सेंट लुईस जेझुइट्स’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या गीतकारांनी बायबलच्या उताऱ्यांवर आधारलेली, ध्रुवपद असलेली गीते रचली. बॉब डफर्ड यांचे ‘बी नॉट अफ्रेड’ आणि डॅन शूट यांचे १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘हिअर आय ॲम, लॉर्ड’ ही त्यांतील सर्वत्र पोचलेली उदाहरणे. दुसऱ्या गीताच्या कडव्यांत परमेश्वर बोलतो आणि ध्रुवपदात माणूस उत्तर देतो. गातो मात्र दोन्ही समुदायच. लोक देवाची भूमिका घेतात, हा टीकाकारांचा आक्षेप. दुसरा आक्षेप असा की मार्टी हॉगन यांच्या ‘गॅदर अस इन’सारख्या १९८० च्या दशकातील गीतांत जमलेला समुदायच गीताचा विषय होतो. टॉमस डे यांनी १९९० च्या आपल्या पुस्तकात ध्वनिवर्धकावरील एकल गायकाचा आवाज समुदायाचा आवाज दडपतो, हा आणखी एक मुद्दा मांडला.

पहिला आक्षेप जुन्या पाठांशी ताडून पाहिला तर टिकत नाही. पुनरुत्थानाच्या रविवारचे जुने इंट्रॉइट, ‘रेसुरेक्सी’, हे उठलेल्या ख्रिस्ताच्याच प्रथमपुरुषात आहे. पुत्र पित्याशी बोलतो. स्तोत्रसंहितेतील (व्हल्गेटच्या क्रमाने) १३८ व्या स्तोत्राचे शब्द तेथे ख्रिस्ताच्या मुखी घातलेले आहेत. वर्षातील सर्वांत मोठ्या सणाची सुरुवात दैवी ‘मी’ने होते. मग फरक कशात आहे? फरक दोन गोष्टींत आहे. एक, तेथील शब्द ग्रंथातून उचललेले आहेत. नव्या गीतात ते ग्रंथावरून रचलेले आहेत. दोन, तेथे तो ‘मी’ गायकवृंद उच्चारत असे आणि समुदाय ऐकत असे. येथे समुदाय स्वतः तो उच्चारतो. म्हणजे आक्षेपाचे मूळ काव्यात नाही. गाणारा बदलला, हे त्याचे मूळ आहे. संतांच्या रचनांत विठ्ठलाच्या मुखी घातलेले अभंग कीर्तनकार आणि श्रोते दोघेही म्हणतात. तेथे भूमिकेचा गोंधळ कोणाला जाणवत नाही, कारण उच्चार आणि निवेदन यांतील अंतर संप्रदायाने शिकवलेले असते. कॅथलिक समुदायाला हे शिक्षण मिळण्यापूर्वीच त्याच्या हाती शब्द आले, असे फार तर म्हणता येईल.

शब्दांविषयी चर्चनेही पुढे नियमन केले. २९ जून २००८ च्या रोमन पत्राने ‘याहवे’ हे ईश्वरनाम उपासनेतील गीतांत उच्चारू नये असे कळवले. ज्यू परंपरेत अनुच्चारित राहिलेले नाम नव्या गीतांनी कडव्याकडव्यांत आणले होते. अमेरिकेच्या बिशप परिषदेच्या सिद्धांत समितीने २०२० मध्ये गीतांच्या शब्दांची परीक्षा करण्यासाठी टिपण काढले. सिद्धांताशी सुसंगती आणि बायबल व उपासना यांच्या प्रतिमासृष्टीशी नाते, ही त्यातील मुख्य कसोटी. पहिल्यावर धर्मशास्त्राने बोलावे. दुसरी मात्र काव्यशास्त्राची कसोटी आहे आणि ती रास्त आहे. मात्र या साऱ्या नियमनात गीताच्या स्थानाचा प्रश्न मागेच राहिला. निर्दोष शब्दांचे गीतही चुकीच्या जागी असू शकते.

६. भारतीय संदर्भ : तीन परंपरा

भारतात ‘जुने’ म्हणजे लॅटिन, हे समीकरणच अपुरे आहे. केरळातील सिरो-मलबार चर्चची परंपरा पूर्व सुरियानी आहे. तेथे १९६२ पासून कुर्बाना मलयाळममध्ये म्हटली जाऊ लागली तेव्हा मागे पडले ते सुरियानी गान. त्या परंपरेत कडव्यांची कविता विधीच्या गाभ्याशी असते. चौथ्या शतकातील एफ्रेम यांनी ‘मद्राशा’ ही ध्रुवपदयुक्त रचना धर्मशिक्षणासाठी वापरली. मिलानमध्ये अँब्रोज यांनी आणलेली ‘पौर्वात्य रीत’ याच व्यापक प्रदेशाकडे बोट दाखवते. म्हणून स्तोत्र हे विधीबाहेरचे, हा नियम कॅथलिक परंपरेचा नसून तिच्या रोमन शाखेचा आहे. तुलनाकाराने हे भान ठेवले नाही तर एका शाखेचा इतिहास संपूर्ण धर्माचा इतिहास ठरतो.

गोव्यातील चित्र वेगळे. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. जवळपास अकरा हजार ओव्यांचा, ‘अवस्वर’ या विभागांत मांडलेला हा ग्रंथ ज्या सुमारास निघाला त्याच सुमारास रोममध्ये मेदिची ग्रॅज्युअल निघत होते. एकीकडे गानाची लांबण छाटली जात होती आणि दुसरीकडे धर्मकथेला ओवीचा विस्तार मिळत होता. पण या दोन गोष्टी एकाच पातळीवर ठेवता येत नाहीत. ‘ख्रिस्तपुराण’ हे लोकांना वाचून, गाऊन दाखवण्यासाठी होते. मिस्सेचा पाठ लॅटिनच होता. पुराण विधीसोबत होते, विधीत नव्हते. नवख्रिस्ती श्रोत्यांना त्यांच्या जुन्या पुराणश्रवणाची जागा भरून देणे हा त्याचा हेतू होता. पुराणश्रवण ही मुळातच पूजाविधीच्या शेजारची जागा होय. स्टीफन्स यांनी ती अचूक हेरली.

१९६३ नंतर मराठी कॅथलिक लेखनात ‘ख्रिस्तपुराणा’चा वारसा सांगितला जातो तेव्हा दोन खंडांची नोंद घेणे भाग आहे. पहिला खंड कालाचा व स्थळाचा. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेऐवजी पोर्तुगीजच्या वापराचा आदेश काढला. ग्रंथाच्या तिन्ही जुन्या आवृत्त्या त्यापूर्वीच्या. तो पुन्हा छापला गेला तो १९०७ मध्ये मंगळूरला, जोसेफ साल्ढाणा यांच्या संपादनाने. देवनागरीत तो शांताराम बंडेलू यांच्या संपादनाने १९५६ मध्ये पुण्यात निघाला. ज्या गोव्यात तो जन्मला तेथील कॅथलिक उपासना आता मुख्यतः कोकणीत चालते; मराठी उपासना वसई, मुंबई, पुणे, नाशिक, औरंगाबाद या धर्मप्रांतांच्या परिसरात. दुसरा खंड विनियोगाचा. लोकभाषा मिस्सेच्या आत आली ही घटना ‘ख्रिस्तपुराणा’ची पुनरावृत्ती नसून त्याला न मिळालेली जागा मिळण्याची घटना आहे. ती जागा मिळताच जुन्या रूपाचे काम बदलते, हे स्वीकारल्यावाचून वारशाचा दावा पोकळ राहतो.

नारायण वामन टिळकांच्या (१८६१–१९१९) भजनांविषयी हाच विवेक हवा. प्रॉटेस्टंट उपासनेत समुदायगीत हा विधीचा एक मुख्य खांब आहे. टिळकांची भजने त्या रचनेसाठी स्वाभाविक होती. ती कॅथलिक मिस्सेत जशीच्या तशी आणली तर काव्य तेच राहून स्थान बदलते.

पुढच्या टप्प्यावर बंगळूर येथे १९६७ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय बायबल, धर्मशिक्षण व उपासना केंद्र आणि २५ एप्रिल १९६९ रोजी रोमने मान्य केलेले बारा भारतीयीकरणाचे मुद्दे येतात. पंचांगप्रणाम, समई, आरती यांना उपासनेत वाव मिळाला. जर्मन मिशनरी जॉर्ज प्रॉक्श यांनी मुंबईतील ज्ञान आश्रमातून हिंदी भजने आणि नृत्यनाट्ये रचली; चार्ल्स वाझ यांनी शास्त्रीय संगीताच्या अंगाने हे काम पुढे नेले. या प्रयोगांवर दोन बाजूंनी टीका झाली. परंपरावाद्यांना ते परके वाटले. १९८० च्या दशकात अरविंद निर्मळ यांच्यासारख्या विचारवंतांकडून दलित ख्रिस्ती धर्मशास्त्राची मांडणी झाली, तेव्हा भारतीयीकरण म्हणजे बहुधा संस्कृतीकरण, हा अधिक टोकदार आक्षेप पुढे आला. ज्यांना मंदिरात प्रवेश नव्हता त्यांना चर्चमध्ये मंदिराचे संगीत परंपरा म्हणून का द्यावे?

हा प्रश्न मराठीतही झटकून टाकता येत नाही. वसईच्या कॅथलिक घरांत सामवेदी किंवा वाडवळी बोलली जाते. लग्नगीते त्या बोलींत आहेत. चर्चमधील गीत प्रमाण मराठीत असते. लॅटिनला पर्याय म्हणून आलेली ‘लोकभाषा’ घरातल्या भाषेपासून पुन्हा काही अंतरावरच राहते. तेव्हा गीत ‘आपले’ आहे की नाही हे ते मराठीत असण्यावरून किंवा भूप रागात असण्यावरून ठरत नाही.

७. प्रतिसादाची जागा

मग जुन्या-नव्याचा आणि देशी-परक्याचा हा गुंता कोठे सुटू शकतो? विधीच्या आतच, पहिल्या वाचनानंतरच्या स्तोत्रात, तशी एक जागा आहे. ऑगस्टीनच्या काळी वाचनानंतर गायक स्तोत्र म्हणत असे आणि लोक ठरलेल्या ओळीने त्याला प्रतिसाद देत असत. त्याच्या प्रवचनांतून याचे दाखले मिळतात. पुढे या जागी ग्रॅज्युअल आले. ते निष्णात गायकांचे अलंकृत गान झाले आणि लोकांचा प्रतिसाद विरला. फ्रेंच जेझुइट जोसेफ जेलिनो यांनी १९५० च्या दशकात प्रतिसादयुक्त स्तोत्रगानाची रचना केली. १९६९ च्या वाचनग्रंथाने त्या जागी प्रतिसादस्तोत्र पुन्हा आणले. हे गीत बायबलचे आहे, त्या दिवसाचे आहे, विधीचे अंग आहे आणि समुदायाच्या कंठातले आहे. विनियोग, ग्रंथ आणि समुदाय या तिन्ही कसोट्या येथे एकत्र पूर्ण होतात.

मराठी श्रोत्याला हा रचनाबंध अनोळखी नाही. चालक चरण उचलतो, टाळकरी ध्रुवपद झेलतात. वाचनातला विचार गाण्यातून परत समुदायाकडे येतो. दिंडीतल्या भजनाला आणि कीर्तनातल्या अभंगाला ही देवघेव ठाऊक आहे. साम्य रागाचे किंवा वाद्याचे नाही, देवघेवीचे आहे. म्हणूनच ते वरवरच्या भारतीयीकरणाच्या आक्षेपापासून काहीसे मुक्त राहू शकते. झेलण्याला शास्त्रीय तयारी लागत नाही आणि ते कोणत्या एका जातीच्या संगीताची मिरासही नाही. ते बोलीतही करता येते. ओवीचा आणि अभंगाचा छंद स्तोत्रसंहितेच्या समांतर वाक्यांना पेलू शकतो. ‘ख्रिस्तपुराणा’ने बायबलच्या कथनापुरते ते चार शतकांपूर्वी सिद्ध केले आहे. कथनाकडून स्तोत्राकडे आणि विधीशेजारच्या जागेकडून विधीच्या आतल्या जागेकडे हा छंद आणणे, हे काम कवींसाठी आहे.

समीक्षेपुढील काम त्याआधीचे आहे. उपासनागीत निव्वळ भावकविता म्हणून वाचले की नवे गीत पातळ आणि जुने गीत गहन दिसते. निव्वळ समुदायाचा आवाज म्हणून वाचले की याच्या उलट दिसते. दोन्ही वाचनांत गीत त्याच्या जागेवरून उचललेले असते. ते कोणत्या कृतीच्या वेळी म्हटले जाते, त्याचे शब्द कोठून येतात आणि ते कोणाच्या मुखी आहे, हे तीन प्रश्न विचारल्यानंतरच त्याच्या काव्यगुणांची चर्चा सुरू व्हावी. तशी ती सुरू झाली तर १८१८ चे गिटारवरील गीत, १६१६ ची ओवी आणि १९६९ चे प्रतिसादस्तोत्र यांची तुलना त्यांच्या वयावरून न होता त्यांनी केलेल्या कामावरून होईल.